एक संगणक, दोन ऑपरेटिंग सिस्टिम : वाचनालयाच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सांगलीच्या गावभागातील आमच्या वाचनालयात एकच संगणक आहे आणि त्याच्याकडून दोन वेगळ्या कामांची अपेक्षा आहे. सुमारे अठरा हजार पुस्तकांची यादी ज्या प्रणालीत भरलेली आहे, ती वीस वर्षांपूर्वी घेतलेली असून ती फक्त विंडोजवर चालते. तिला यूएसबीच्या खाचेत एक छोटे हार्डवेअर लॉक (परवाना तपासणारे उपकरण) लावावे लागते आणि तिच्यातील मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) नसलेल्या फाँटमध्ये आहे. दुसरीकडे वाचकांना इंटरनेट हवे असते, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी अर्ज भरायला येतात, आणि कार्यालयाचा पत्रव्यवहार ईमेलने होतो. विंडोज १० ची सुरक्षा दुरुस्त्यांची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. आमचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला आहे. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे तो रस्ता बंद आहे. मुदत वाढवून घेण्याची सोय आहे, पण त्याने प्रश्न पुढे ढकलला जाईल, सुटणार नाही.

आज कार्यकारिणीच्या बैठकीत मी असा प्रस्ताव ठेवला की, संगणक बदलू नये, विंडोज काढू नये, तर त्याच डिस्कवर शेजारी डेबियन लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी. यापुढे विंडोजने फक्त जुनी यादी सांभाळावी आणि त्याचे नेटवर्क बंद ठेवावे. बाहेरच्या जगाशी संबंध असलेले प्रत्येक काम लिनक्सवर व्हावे. ग्रंथपाल मॅडमनी योग्य प्रश्न विचारला, की जुनी प्रणाली लिनक्समध्येच वाइनच्या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या) आधाराने चालवता येणार नाही का. मी ते आधीच करून पाहिले होते. प्रणाली उघडते, पण हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसणारा असल्यामुळे लॉक ओळखले जात नाही. आभासी संगणक, म्हणजे लिनक्सच्या आतच एका खिडकीत विंडोज चालवणे, हा तिसरा पर्याय होता. तोही मी बाजूला ठेवला, कारण ८ जीबी मेमरीत दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालवण्यापेक्षा, आणि लिपिक काकांना खिडकीच्या आत खिडकी समजावून सांगण्यापेक्षा, संगणक सुरू करतानाच एकदा निवड करणे त्यांना सोपे जाईल, असे माझे मत आहे.

प्रस्ताव मंजूर झाला. अट एकच घातली गेली, की यादीतील एकही नोंद हरवता कामा नये.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर फक्त बॅकअपचे काम केले. डिस्कला हात लावण्यापूर्वीचा हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे असे मी मानतो. पार्टिशनचे (डिस्कच्या भागांचे) आकडे चुकले तर सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येते, पण वीस वर्षे हाताने भरलेली यादी पुन्हा भरता येत नाही.

यादीच्या फाइली एका बाह्य डिस्कवर घेतल्याच, शिवाय क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनाने पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून संपूर्ण डिस्कची प्रतिमाही काढली. क्लोनझिला डिस्कवरची वापरलेली जागाच उचलते, त्यामुळे ४८० जीबीच्या एसएसडीची प्रतिमा बऱ्याच कमी जागेत मावली. त्यानंतर दुसऱ्या बाह्य डिस्कवर हेच सर्व पुन्हा केले.

दुसरी डिस्क मी मिरजेला माझ्या घरी नेली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि गावभागातील किती घरांचे कागद त्या पाण्यात गेले, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. त्या वर्षी वाचनालयाची नोंदवही वरच्या मजल्यावर हलवता आली म्हणून वाचली. बॅकअप संगणकाच्याच टेबलाच्या खणात ठेवला, तर ज्या पाण्यात संगणक बुडेल त्याच पाण्यात बॅकअपही बुडेल.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबलो नाही. माझ्या लॅपटॉपवर तो उघडून यादीच्या फाइली वाचता येतात का, हे तपासले. तीन फाइलींपैकी एक उघडेना. जुनी प्रणाली पार्श्वभूमीत चालू राहिल्यामुळे ती फाइल अर्धवट लिहिली गेली होती. प्रणाली पूर्ण बंद करून नक्कल पुन्हा घेतली. हे आज कळले म्हणून बरे झाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी विंडोजमधील सिस्टिमची माहिती पाहून बूटची, म्हणजे संगणक सुरू होण्याची, पद्धत नवी यूईएफआय आहे आणि डिस्कची मांडणी तिला जुळणारी जीपीटी आहे, याची खात्री केली. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने बसलेल्या असल्या पाहिजेत, कारण एक यूईएफआयने आणि दुसरी जुन्या बायोस पद्धतीने बसली, तर एका मेनूतून दोन्ही सुरू करता येत नाहीत. डिस्कवर चार पार्टिशन आढळली : १०० एमबीचे ईएफआय (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींचे), १६ एमबीचे राखीव, सुमारे ४४६ जीबीची सी ड्राइव्ह, आणि शेवटी दुरुस्तीचे छोटे पार्टिशन. डिस्कवर ४८० छापलेले असताना ४४७ का दिसतात, असे काकांनी विचारले. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून आकडा कमी दिसतो आणि प्रत्यक्षात काहीही गेलेले नाही, असे मी त्यांना सांगितले. किलो आणि शेराचा हिशेब आठवून त्यांना ते लगेच पटले.

त्यानंतर सी ड्राइव्ह लहान करायला घेतली. तिच्यातील वापरलेली जागा ९२ जीबी होती, पण डिस्क मॅनेजमेंट फक्त ४१ जीबी मोकळी करून द्यायला तयार होते. विंडोजच्या काही फाइली जागेवरून हलवता येत नाहीत, आणि त्यातील एक जरी ड्राइव्हच्या मध्यावर बसलेली असली, तरी तिच्या पलीकडची मोकळी जागाच तेवढी सोडवता येते. अडथळा कोणता, हे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाच्या नोंदीत लिहिलेले असते. आमच्याकडे तो पेज फाइलचा (मेमरी कमी पडल्यास विंडोज वापरते त्या डिस्कवरच्या फाइलीचा) निघाला. पेज फाइल तात्पुरती बंद केली, सिस्टिम रिस्टोअर बंद केले, हायबरनेशनही बंद केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. आता ३१० जीबीपर्यंत मोकळीक मिळू लागली.

हायबरनेशन कायमचे बंद ठेवण्यामागे आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. ते चालू असले की विंडोजचे जलद प्रारंभही चालू राहते, आणि मग ‘शट डाउन’ केले तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. त्याचा गाभा डिस्कवर झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि त्याची पार्टिशनही अर्धी उघडी राहतात. अशा पार्टिशनवर लिनक्सने लिहिणे धोक्याचे असते, म्हणून लिनक्स ती फक्त वाचण्यापुरतीच उघडते. दोन प्रणाली नांदवायच्या असतील, तर घरातून जाणाऱ्याने दार पूर्ण लावूनच गेले पाहिजे.

आकडे असे ठरवले : विंडोजकडे १५० जीबी, दोघांच्या सामाईक वापरासाठी १८० जीबी, आणि लिनक्ससाठी ११६ जीबी, ज्यात मूळ प्रणालीला ६०, वापरकर्त्यांच्या फाइलींना ४८ आणि स्वॅपला (मेमरीला पूरक जागेला) ८. सामाईक पार्टिशनसाठी फाइली साठवण्याची पद्धत एक्सफॅट घ्यावी की एनटीएफएस, यावर बराच वेळ विचार केला. एक्सफॅट दोन्हीकडे सहज चालते, पण त्यात बदलांची आगाऊ नोंद ठेवणारी जर्नलची सोय नसते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि यूपीएसची बॅटरीही जुनी आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर एनटीएफएस सावरण्याची शक्यता जास्त असते, म्हणून एनटीएफएस घेतले. पार्टिशनची ही सर्व कामे विंडोजच्याच साधनाने केली, कारण आपले पार्टिशन कसे आकसायचे हे विंडोजला सर्वांत चांगले कळते. आकसण्याचे काम चालू असताना काका यूपीएसच्या दिव्याकडे पाहत शेजारीच उभे होते.

९ नोव्हेंबर, रविवार

वाचनालय दुपारी बंद झाल्यावर कामाला लागलो. डेबियन १३ ची इन्स्टॉलरची फाइल काल रात्री घरी उतरवून घेतली होती. ती पेन ड्राइव्हवर टाकण्यापूर्वी तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळख) विंडोजच्या सर्टयुटिल या साधनाने काढून डेबियनने प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी अक्षरशः ताडून पाहिली.

बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो : एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ लावून. नेहमी दुसरीच ओळ निवडावी. घाईत पहिली ओळ निवडून जुन्या पद्धतीने लिनक्स बसवल्यामुळे मेनू न जुळलेले दोन संगणक मी पूर्वी पाहिले आहेत.

इन्स्टॉलरमध्ये भाषा मराठी निवडली. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, मात्र देवनागरी नीट दिसण्यासाठी चित्रात्मक रूपातला इन्स्टॉलरच घ्यावा लागतो. काही संदेश इंग्रजीतच राहिले आहेत आणि काही मराठी शब्द ओळखीचे वाटले नाहीत, तरी ग्रंथपाल मॅडम पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न स्वतः वाचून मग मला ‘पुढे जायचे का’ विचारत होत्या, याचे मला फार समाधान वाटले.

पार्टिशनचा टप्पा पूर्णपणे हाताने केला. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय यादीत असतो आणि सोपाही वाटतो, पण त्याने विंडोज पुसले जाते. तीन नवी पार्टिशन केली आणि जुने १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन तसेच वापरायला दिले. त्याच्यापुढे ‘स्वरूपण करू नका’ असे लिहिलेले आहे की नाही, हे तिघांनी मिळून पाहिले. ईएफआय पार्टिशनमध्ये प्रत्येक प्रणालीची बूट फाइल आपापल्या फोल्डरमध्ये असते. तिथे डेबियनचे फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरशेजारी बसते आणि त्याला जागाही अगदी थोडी लागते. ते पार्टिशन पुसले असते, तर विंडोजच्या फाइली शाबूत राहूनही ते सुरू झाले नसते.

एक तासाच्या आत काम संपले. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा निळसर मेनूत फक्त डेबियनचीच नावे होती. विंडोजचे नाव कुठेच नव्हते.

काकांचा चेहरा उतरला. “सर, गेलं का हो सगळं?” असे त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले. मी आधी त्यांना खुर्चीवर बसवले, संगणक बंद केला, फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) बूट मेनूतून थेट विंडोज निवडले, आणि दोन मिनिटांत त्यांच्या यादीची ओळखीची पिवळी चौकट त्यांना दाखवली. सर्व काही जागेवर होते. बूट लोडर, म्हणजे निवडीचा मेनू दाखवणारा ग्रब हा प्रोग्रॅम, बसवताना दुसऱ्या प्रणालींचा शोध घ्यायचा का, असा प्रश्न आला होता आणि मी पूर्ण न वाचता ‘नाही’ म्हणून पुढे गेलो होतो. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून हा शोध सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेला असतो आणि हवा असल्यास तो मुद्दाम चालू करावा लागतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत ओएस-प्रोबर या शोध घेणाऱ्या साधनाविषयीची ओळ टिप्पणीच्या खुणेने झाकलेली असते. ती खूण काढली, मेनू पुन्हा तयार करण्याची आज्ञा दिली, आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ हे नाव मेनूत आले.

त्याच फाइलीत मेनूची वेळ पाच सेकंदांवरून तीस सेकंद केली. वाचता वाचता निवड करणाऱ्या माणसाला पाच सेकंद फार कमी पडतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

विंडोजमधील नेटवर्क अडॅप्टर बंद केला. हे बंद करणे विंडोजपुरतेच राहते आणि लिनक्समध्ये नेटवर्क व्यवस्थित चालते. पेज फाइल पुन्हा चालू केली. प्रिंटर लिनक्सने वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सव्वाअकरा वाजता ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, की विंडोजमध्ये घड्याळ पावणेसहा दाखवते आहे आणि देवघेवीच्या नोंदींवर तीच वेळ पडते आहे. नेमका साडेपाच तासांचा फरक ऐकताच कारण लक्षात आले. मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज धरून चालते, तर लिनक्स त्यात जागतिक समन्वित वेळ ठेवते. भारतीय प्रमाणवेळ त्या वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. लिनक्सने घड्याळ आपल्या पद्धतीने लावले आणि विंडोजने तेच काटे स्थानिक वेळ समजून वाचले.

पुष्कळ घरांत हा घोळ फार वेळ टिकत नाही, कारण इंटरनेट मिळताच विंडोज वेळ दुरुस्त करून घेते. आमच्या विंडोजला मी स्वतःच नेटवर्क बंद केलेले असल्यामुळे इथे तो आपोआप सुटणार नव्हता. दोन उपाय होते : लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावणे, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) ‘घड्याळ जागतिक वेळेत आहे’ ही नोंद करणे. घड्याळ उन्हाळ्यात पुढे आणि हिवाळ्यात मागे करण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे पहिल्या उपायानेही इथे बिघाड झाला नसता, पण लिनक्स स्वतःच त्याबाबत सावधानतेचा इशारा देते. म्हणून दुसरा उपाय केला. सकाळच्या सात नोंदींवरील वेळ मॅडमनी हाताने सुधारली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस मराठी टंकलेखनासाठी ठेवला होता. लिनक्समध्ये आयबस हे टंकलेखनाचे साधन आणि त्याचे एम-१७-एन हे पॅकेज बसवले आणि त्यातून मराठी इनस्क्रिप्ट हा कळफलक निवडला. काकांचा हात जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बसलेला आहे, त्यामुळे पहिला अर्धा तास ते खूप वैतागले. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, तर व्यंजने उजव्या हाताखाली येतात, आणि शिफ्ट दाबले की बहुतेक ठिकाणी अल्पप्राणाचा महाप्राण होतो : क च्या कळीवरच ख, ग च्या कळीवरच घ. ही रचना त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी कळफलकाकडे कमी आणि पडद्याकडे जास्त पाहायला सुरुवात केली.

त्यांना सर्वांत आवडली ती ‘ऱ’ ची कळ. र च्या कळीवर, म्हणजे इंग्रजी जे या अक्षराच्या जागी, शिफ्ट धरून दाबले की ऱ येतो. त्यानंतर हलन्त आणि य दिला की ‘ऱ्य’ आपोआप जुळतो. त्यांनी ‘सुपाऱ्या’, ‘दोऱ्या’, ‘पायऱ्या’ असे ओळीने लिहून पाहिले, आणि जुन्या प्रणालीत या एका जोडाक्षरासाठी आपण वेगळा आकडा टाइप करत होतो, असे सांगितले. हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकून घेतले. त्याचे खरे महत्त्व पुढे कळणार होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल सायंकाळपासून बराच वेळ वीज नव्हती. आज सकाळी संगणक सुरू झाला, तेव्हा निवडीचा मेनू न येता थेट विंडोज उघडले, आणि तारीख १ जानेवारी २०१५ अशी दिसली. सुटीच्या दिवशी अभ्यासाला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने, ‘लिनक्स आपोआप पुसले गेले आहे’, असे मॅडमना सांगितले होते.

पुसले गेले नव्हते. तारीख आणि बूटचा क्रम हे दोन्ही एकाच वेळी बिघडले की, संशय आधी मदरबोर्डवरच्या छोट्या बॅटरीवर घ्यावा. सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी ३ व्होल्टची असते, आमची मल्टिमीटरवर २.४ दाखवत होती. संगणकाला वीज असताना तिची उणीव कळत नाही, पण यूपीएसही संपल्यावर घड्याळ थांबले आणि फर्मवेअरची मांडणी मूळ अवस्थेला गेली, ज्यात विंडोज पहिल्या क्रमांकावर होते. नवी बॅटरी घातली, फर्मवेअरमध्ये डेबियनला पुन्हा पहिला क्रमांक दिला, तारीख लावली, आणि मेनू परत आला. बॅटरी बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवली.

लिनक्स सुरू होणे इतर कारणांनीही अडू शकते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर, दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्सचा बूट लोडर सिक्युअर बूटच्या (फक्त मान्य प्रोग्रॅमच सुरू होऊ देणाऱ्या फर्मवेअरच्या सोयीच्या) तपासणीत अडकला होता. आमच्या विंडोजला अपडेटच येत नसल्यामुळे तो धोका इथे उरलेला नाही. तरीही क्लोनझिलाचा आणि डेबियनचा असे दोन्ही पेन ड्राइव्ह कपाटात लेबल लावून ठेवले आहेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सामाईक पार्टिशनवरची एक फाइल लिनक्समध्ये उघडते, पण विंडोजमध्ये उघडत नाही, अशी तक्रार आली. फाइलचे नाव ‘अहवाल : नोव्हेंबर’ असे होते. फाइलच्या नावातील अपूर्णविराम लिनक्सला चालतो, पण विंडोजला चालत नाही. सामाईक पार्टिशन जोडताना विंडोजला न चालणारी नावे लिनक्सने स्वीकारूच नयेत, असा पर्याय देता येतो. तो आज लावला.

६ डिसेंबर, शनिवार

या खटाटोपामागचे आणखी एक मोठे काम, म्हणजे जुनी यादी युनिकोडमध्ये आणून लिनक्सवर वापरणे, आज सुरू झाले. जुन्या यादीतून पहिल्या तीन हजार नोंदी विंडोजमध्ये मजकूर फाइलीत काढून घेतल्या, सामाईक पार्टिशनवर ठेवल्या, संगणक लिनक्समध्ये सुरू केला, आणि युनिकोडमध्ये रूपांतर करण्यासाठी पायथनमध्ये एक लहान प्रोग्रॅम लिहायला घेतला.

जुन्या फाँटमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. म्हणून तो फाँट नसेल तर सगळी यादी इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसते. एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवले की रूपांतर झाले, असे सुरुवातीला वाटते, पण तसे होत नाही. जुना फाँट डोळ्याला दिसेल त्या क्रमाने लिहितो, तर युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी जुन्या मजकुरात ‘स्थ’ च्या आधी येते, आणि युनिकोडमध्ये तिला संपूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावे लागते. ‘धर्म’ मध्ये नेमके उलटे होते : रफार म नंतर टाइप केलेला असतो आणि त्याला म च्या आधी आणावे लागते. रफार आणि वेलांटी एकाच अक्षराला लागली, जसे ‘वार्षिक’ मध्ये, की दोन्ही नियम कोणत्या क्रमाने लावायचे, हा प्रश्न उभा राहतो. यावर पूर्ण दुपार गेली.

सायंकाळी मॅडमनी रूपांतरित यादी वाचायला घेतली. पाचव्या पानावर त्या थांबल्या. एका पुस्तकाच्या विषयाच्या रकान्यात ‘सह्याद्रीतील दर्या’ असे लिहिलेले होते. “सर, सह्याद्रीत दर्या कुठून आला?” असे त्यांनी विचारले. मूळ नोंद ‘दऱ्या’ अशी होती. काका ज्या वेगळ्या आकड्याबद्दल बोलले होते, तेच हे चिन्ह. ते मी तक्त्यात साध्या अर्ध्या र ला जोडले होते, त्यामुळे दऱ्यांचा समुद्र झाला आणि, पुढे पाहिले तर, पाककृतींच्या विभागात आचाऱ्यांचे आचार्य झालेले होते.

७ डिसेंबर, रविवार

तक्ता सुधारला. जुन्या फाँटमधील ते चिन्ह आता ‘ऱ’ आणि हलन्त असे उतरते. मॅडम, काका आणि मी अशा तिघांनी पहिल्या तीन हजार नोंदींपैकी दोनशे नोंदी छापील पुस्तकांशी ताडून पाहिल्या. सहा चुका निघाल्या, त्यातील चार मूळ यादीतच होत्या.

२० डिसेंबर, शनिवार

रूपांतर अकरा हजार नोंदींपर्यंत आले आहे. गेल्या आठवड्यात लिनक्सवरच्या नव्या यादीच्या शोधात एक नवी अडचण आली. विद्यार्थ्यांनी मोबाइलवरून भरून दिलेल्या नव्या नोंदींत ‘दऱ्या’ हा शब्द डोळ्याला तसाच दिसतो, पण शोधात सापडत नाही. तपासल्यावर कळले, की काही कळफलक तेच जोडाक्षर ‘ऱ’ वापरून न लिहिता, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडणी-चिन्ह देऊन लिहितात. पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखीच उमटतात, मात्र संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. नोंद साठवतानाच सर्व ठिकाणी ‘ऱ’ चेच रूप व्हावे, अशी एक पायरी प्रोग्रॅममध्ये आज घातली.

दुपारी काकांनी संगणक स्वतः सुरू केला, मेनू वाचून डेबियन निवडले, आणि शोधाच्या चौकटीत सावकाश ‘दऱ्या’ लिहिले. चौदा पुस्तके आली. पहिल्या पुस्तकाचा कप्पा क्रमांक पाहून ते उठले आणि पुस्तक खरोखर तिथे आहे का, ते पाहायला आत गेले. मग संगणक बंद करून त्यांनी तो पुन्हा सुरू केला, विंडोज निवडले, आणि जुन्या यादीतही त्या चौदा नोंदी आहेत की नाहीत, हे वहीवर एकेक खूण करत पडताळून पाहिले. उरलेल्या सात हजार नोंदींसाठी मॅडमनी जानेवारीतील चार रविवार राखून ठेवले आहेत.